दहा राग आणि डिस्कोचा ठेका : चरणजीत सिंग यांची 1982 ची तबकडी

जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांमध्ये गेली पंधराएक वर्षं एका भारतीय एलपीचा फार बोलबाला आहे. चरणजीत सिंग यांची 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट', एचएमव्ही, 1982. तिच्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली, ही मुंबईची 'अंडरग्राउंड' तबकडी. दुसरी, शिकागोत जन्मलेलं 'अॅसिड हाउस' नावाचं नाचाचं संगीत तिच्यात पाच वर्षं आधीच वाजलं होतं. दोन्ही विधानं नीट तपासून पाहिली पाहिजेत, कारण त्यांच्या गलक्यात तबकडीवर प्रत्यक्ष काय आहे हे ऐकायचंच राहून जातं.

आधी 'अंडरग्राउंड'चं पाहू. चरणजीत सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपट वाद्यवृंदांतले वादक. बास गिटार आणि कळफलकाची वाद्यं हा त्यांचा रोजचा धंदा. सिनेमाच्या गाण्यांच्या नुसत्या वाद्यांवर वाजवलेल्या तबकड्याही त्यांच्या नावावर निघाल्या. ही एलपी काढली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियानं, म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीनं. काळही डिस्कोचाच होता. 'कुर्बानी' 1980 चा, 'डिस्को डान्सर' 1982 चा. म्हणजे चोरून-लपून काही झालं नव्हतं, राजमार्गावरच्या माणसानं राजमार्गावरच्या कंपनीसाठी केलेला हा प्रयोग होता. तो चालला नाही, एवढंच. 2002 मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत एक प्रत मिळाली आणि 2010 मध्ये त्याच्या 'बॉम्बे कनेक्शन'नं ती पुन्हा काढली. सिंग तेव्हा हयात होते. पुढे युरोपात त्यांचे कार्यक्रमही झाले. 2015 मध्ये ते मुंबईत वारले. न खपलेल्या मालाला तीस वर्षांनी 'भूमिगत' म्हणायचं, हा इतिहास नव्हे, बाजारभाव झाला.

आता दुसरं विधान. इथे यंत्रांकडे पाहावं लागतं. सिंग यांच्याकडे रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं होती : ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, टीआर-808 हे तालयंत्र आणि टीबी-303 हे खर्जाचं यंत्र. यातलं 303 म्हणजे एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्याला साथ मिळावी म्हणून काढलेली छोटी पेटी. 1981 च्या अखेरीस आली, खपली नाही, 1984 मध्ये बंद झाली. शिकागोच्या पोरांनी ती जुन्या बाजारात स्वस्तात उचलली, आणि 1987 साली 'फ्यूचर' या गटाची 'अॅसिड ट्रॅक्स' निघाली. त्यांनी सिंग यांची तबकडी ऐकली होती असं कुठेही दिसत नाही. एकच यंत्र दोन ठिकाणी वापरलं की आवाजात सारखेपणा येणारच. एकाच कंपनीचा पंप बालाघाटात बसवा की बेल्जियममध्ये, घरघर सारखीच येते.

तरी सिंग यांनी हे यंत्र का निवडलं असावं, हे समजण्यासारखं आहे. 303 मध्ये सोळा घरांची रांग असते. प्रत्येक घरात एक स्वर भरायचा, आणि हवं तर त्या स्वरावरून पुढच्यावर घसरत जायचं. आपल्या कानाला ही घसरण मींडेसारखी वाटते. मात्र यंत्राला दोन स्वर जवळ असोत की लांब, सरकायला ठरावीक तेवढाच वेळ लागतो. गवई मींड घेतो ती रागाच्या गरजेप्रमाणे, कुठे रेंगाळत, कुठे झटक्यात. ही तबकडी तोकडी पडते ती नेमकी इथे. भैरवातला आंदोलित रिषभ, तोडीतला अतिकोमल गंधार, यांना बारा समान भागांत कापलेल्या सप्तकात जागाच नाही. तोडी ऐकताना सांगाडा ओळखू येतो, चेहरा दिसत नाही.

याउलट भूप, कलावती, मालकंस आणि बैरागी भरून वाजतात. चारही राग पाच स्वरांचे. दोन स्वरांत अंतर मोकळं असलं की यंत्राच्या उड्या खटकत नाहीत, उलट शोभतात. मेघही जवळजवळ याच जातीचा. दहातले निम्मे राग असे निघावेत, हा मला योगायोग वाटत नाही. कोणता राग या यंत्राला झेपेल याचा अंदाज असलेला वादक इथे दिसतो.

त्याहून मोठी गोष्ट क्रमाची आहे. पहिल्या बाजूला भैरव, ललत, भूप, तोडी, मधुवंती. दुसऱ्या बाजूला मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. मेघ ऋतूचा राग, तो बाजूला ठेवा. मग दुसरी बाजू संध्याकाळच्या यमनापासून मध्यरात्र ओलांडून पहाटेच्या बैरागीपर्यंत जाते. पहिली बाजू पहाटेपासून दुपारच्या मधुवंतीपर्यंत. ललत भैरवाच्या आधी हवा होता, तेवढी अदलाबदल आहे. आणि भूप? शास्त्राप्रमाणे तो रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. पण मराठी घरात भूपाळी म्हणजे देवाला जागं करायचं पहाटेचं गाणं, तेव्हा आपल्याला तो तिथे फारसा परका वाटत नाही. सिंग यांनी असं ठरवून केलं, असा माझा दावा नाही. पण एक बाजू दिवसाची आणि एक रात्रीची, हे तबकडी उलटून ऐकलं तरच लक्षात येतं. एकेक तुकडा सुटा ऐकणाऱ्याच्या ते हाती लागायचं नाही.

'यंत्रावर राग वाजवणं म्हणजे रागाची थट्टा' असं म्हणणाऱ्यांना पेटीची आठवण करून द्यावीशी वाटते. मींड निघत नाही, श्रुती बसत नाहीत, याच आक्षेपांवरून आकाशवाणीनं 1940 पासून 1971 पर्यंत हार्मोनियमला दार बंद केलं होतं. तरी गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी त्याच पेटीला आपल्या संगीतात मानाची जागा मिळवून दिली होती. सिंग तिथवर पोचले नाहीत. दहाही रागांना जवळपास एकच धावता चौपट ठेका आहे, विलंबिताला उसंतच नाही, आणि पाचव्या-सहाव्या रागापर्यंत कान थकतो. ही एका कसबी वादकाची अर्धी यशस्वी, पण डोकं लावून केलेली चाचणी आहे. मला ती 'अॅसिड हाउसचा पूर्वज' या पदवीपेक्षा मोलाची वाटते, कारण ती मुंबईच्या स्टुडिओत राबणाऱ्या, पडद्यावर नाव न येणाऱ्या वादकांच्या इतिहासात बसते.

आपल्या बालाघाट-गोंदिया पट्ट्याला यातून घेण्यासारखं आहे. इथे तबकड्यांचा मोठा साठा शौकिनांपेक्षा लग्ना-मंडईत भोंगे लावणाऱ्या माइकवाल्यांकडे असायचा. कॅसेट आल्यावर तो पोत्यात गेला आणि पोती भंगारात. कुणाच्या माळ्यावर अजून असलाच, तर किंमत विचारण्याआधी लेबलवरचा क्रमांक, शेवटच्या खाचेजवळ कोरलेला साच्याचा क्रमांक आणि पाकिटावरची वादकांची नावं उतरवून घ्या. पाकिटावर कुणी पेनानं नाव, गाव किंवा तारीख लिहिली असेल तर तीही. कोणती तबकडी पुढे कशामुळे महत्त्वाची ठरेल हे विकणाऱ्याला कळत नाही, फेकणाऱ्याला तर नाहीच. नोंद राहिली, तर निदान पुढच्या माणसाला ठरवता येईल.