माकडांचा पाणवठा

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पनवेलच्या आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही पोरांना सिनेमा दाखवला. भिंतीला चादर बांधली, एका मित्राने कुठून तरी प्रोजेक्टर आणला आणि डिस्नेचं 'जंगल बुक' लावलं. पोरं खूश. माकडांच्या राजाचं गाणं सुरू झालं तशी सगळी उठून नाचायला लागली. मीही हसत होतो. खोटं कशाला बोलू? सिनेमा संपल्यावर एकेकाला विचारलं, तुला यातलं कोण व्हायला आवडेल? निम्म्याहून जास्त पोरांना माकड व्हायचं होतं.

घरी जाताना ते उत्तर डोक्यातून जाईना. कारण मूळ पुस्तक मी वाचलेलं आहे. त्या पुस्तकात माकडं कोण आहेत ते मला ठाऊक आहे.

रुडयार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला. त्याचा बाप जे. जे. कलाशाळेत शिकवायचा. 'जंगल बुक' निघालं १८९४ साली, दुसरा भाग १८९५ साली. लिहिलं अमेरिकेत बसून, पण जंगल सिवनीचं आणि नदी वैनगंगा. म्हणजे जी पुढे भंडारा, गडचिरोलीकडे वाहत येते तीच. किपलिंग साम्राज्यवादी होता, त्याला आपला कळवळा असण्याचं कारण नव्हतं. पण डोळे उघडे होते.

त्याच्या जंगलाला कायदा आहे. बालू अस्वल तो पोरांना शिकवतो. आणि या कायद्याच्या बाहेर आहेत माकडं. बालूच्या लेखी ती बहिष्कृत. त्यांचा पाणवठा बाकीचे प्राणी टाळतात, त्यांच्या वावरण्याच्या जागा टाळतात, त्यांचा विषयसुद्धा काढत नाहीत. मोगली त्यांच्यात जाऊन खेळला म्हणून बालू चिडतो.

मित्रांनो, हे वाचताना मी थांबलो. कारण हे मी आधी ऐकलेलं होतं. पुस्तकात नाही, आजीच्या तोंडून. कुठल्या विहिरीवर जायचं नाही, कुणाच्या अंगणात सावली पडू द्यायची नाही, याचा पाठ तिला लहानपणीच मिळाला होता. बहिष्कृत हा शब्दही आपल्याला नवा नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले आणि चौदा दिवसांत, ३ एप्रिलला, त्यांनी पत्र काढलं. त्याचं नावच 'बहिष्कृत भारत'.

पुस्तकात आणखी एक प्राणी आहे. तबाकी नावाचा कोल्हा. वाघाचं उष्टं खातो, गावाच्या उकिरड्यावरचे चामड्याचे तुकडे चघळतो. लांडगे त्याला तुच्छ लेखतात. पण त्याला उकिरड्यावर कुणी ठेवलं, हे किपलिंग विचारत नाही. मेलेलं खाऊ नका, उष्टं मागू नका, असं महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना सांगितलं, तेव्हा त्यांनी नुसतं उष्टं खाणाऱ्याकडे बोट दाखवलं नाही. ज्या समाजाने ते ताटात वाढलं त्याच्याकडेही दाखवलं.

आता कुणी म्हणेल, अरे ही जनावरांची गोष्ट आहे, पोरांची करमणूक आहे, इथंही जात कशाला आणता? जात मी आणलेली नाही. ती पुस्तकात छापलेली आहे. मोगली गावात राहायला येतो तेव्हा एका कुंभाराचं गाढव चिखलाच्या खड्ड्यात अडकतं. मोगली त्याला शेपटीला धरून बाहेर काढतो, कुंभाराची मडकी रचायला मदत करतो. गाव हादरतं, कारण कुंभार खालच्या जातीचा मानलेला. पुजारी मोगलीला दटावतो. मोगली त्याला उलट दम भरतो की तुलाही गाढवावर बसवीन. जंगलात वाढलेल्या पोराला जात कळतच नाही, असं किपलिंग थट्टेथट्टेत लिहून जातो. पुढे हेच गाव मोगलीला चेटक्या ठरवून दगड मारून हाकलतं.

हा सगळा भाग सिनेमात नाही. १९६७ साली तो सिनेमा आला. वॉल्ट डिस्ने त्याच्या आधीच, डिसेंबर १९६६ मध्ये वारला होता, पण आखणी त्याचीच. पटकथा लिहिणाऱ्याच्या हातात पुस्तक देऊन, हे वाचू मात्र नकोस, असं त्याने बजावल्याची आठवण त्याच्याच माणसांनी सांगितलेली आहे. आधीची एक पटकथा पुस्तकाच्या जास्त जवळची होती, ती फार गंभीर म्हणून बाजूला पडली. गाव गेलं, पुजारी गेला, कुंभार गेला, दगड गेले.

मग राहिलं काय? माकडं राहिली. पुस्तकात त्यांना राजा नाही. सिनेमाने त्यांना राजा दिला, लुई नावाचा ओरांगउटान, जो आपल्या जंगलात मुळात सापडतच नाही. त्याच्या तोंडी न्यू ऑर्लिन्सच्या जॅझचं गाणं दिलं. जॅझ हे काळ्या माणसांचं संगीत. अमेरिकेत काळ्यांची चळवळ पेटलेली होती त्याच काळात माणसासारखं व्हायला निघालेली माकडं त्या सुरावर नाचवली. गाणं म्हणणारा गायक गोरा होता, पण टीका व्हायची ती झालीच.

आणि हा लुई मागतो काय? विस्तव. विस्तव कसा पेटवायचा ते मला शिकव, म्हणजे मी तुमच्यासारखा होईन, असं तो मोगलीला म्हणतो. बाहेर ठेवलेला माणूस ज्ञान मागतोय आणि आपल्याला त्यावर हसायला लावलंय. शेवटी त्याच्या राहत्या जागेचे खांब कोसळतात, तेही हसण्यावारी.

माझा मुद्दा इथं आहे. किपलिंगने माकडांना बाहेर टाकलं ते उघडपणे टाकलं. बहिष्काराचे नियम लिहून दिले. वाचणारं पोर निदान विचारू शकतं, की का? सिनेमाने नियम पुसले, हसणं ठेवलं. जात काढली, अपमान ठेवला. आता पोराला दिसतात नुसती येडी, गोंगाट करणारी माकडं. ती जन्मतःच तशी, असंच त्याला वाटणार. आपल्याबद्दलही पांढरपेशा समाज आज असंच बोलतो. जात आता कुठं राहिलीय, म्हणतो आणि वस्तीतल्या पोरांच्या बोलण्याला हसतो.

बगीराचंही तेच. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. त्यामुळे काळ्या बिबट्यावर आमचा जीव. पुस्तकातला बगीरा उदेपूरच्या राजाच्या पिंजऱ्यात जन्मलेला आहे. कुलूप तोडून तो पळाला आणि गळ्यातल्या पट्ट्याचा वण त्याच्या हनुवटीखाली अजून आहे. तो वण तो मोगलीला दाखवतो. सिनेमातल्या बगीराला वण नाही, पिंजऱ्याची आठवण नाही. तो शिस्तीचा मास्तर झालाय.

साध्या सिनेमात कॅमेऱ्यासमोर एखादी गोष्ट चुकून येते. मागून कुणी चालत जातं, भिंतीवरचं पोस्टर दिसतं. कार्टूनपटात चुकून काही येत नाही. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस चौकटी लागतात, आणि त्यातली प्रत्येक रेघ कुणीतरी हाताने काढलेली. म्हणून शेवटचं दृश्य नीट बघा. एक मुलगी घागर घेऊन पाण्यावर येते. मोगली तिच्यामागे जातो, घागर भरून डोक्यावर घेतो आणि गावात शिरतो. किती गोड! कुणी अडवत नाही, कुणी जात विचारत नाही. अनोळखी पोराने घागरीला हात लावला तरी पाणी बाटत नाही. हिंदुस्थानातल्या गावाचा हा पाणवठा ज्यांनी काढला त्यांनी तो असा काढायचं ठरवलं.

आमच्या पिढीला मोगली भेटला तो १९९३ साली दूरदर्शनवर, जपानी मालिकेतून. शेरखानचा हिंदी आवाज नाना पाटेकरांचा, म्हणजे आमच्याच रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या माणसाचा. रविवारी वस्ती टीव्हीपुढे गोळा व्हायची. पुढे २०१६ साली डिस्नेने नवा सिनेमा काढला, त्यात मोगली खरा आणि जनावरं संगणकावर काढलेली. त्यात दुष्काळातल्या पाण्याच्या तहाचा प्रसंग आहे, तो दुसऱ्या भागातून घेतलाय. पाणी आटलं की वाघ आणि हरीण एकाच काठावर पितात. छान आहे. पण तो तह आहे. पाऊस पडला की संपतो. महाडला आपण तह मागितला नव्हता. तळं सार्वजनिक होतं, नगरपालिकेने ते १९२४ सालीच सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला होता. आपण गेलो ते हक्काने.

मग पोरांना दाखवायचं काय? एक वाट मुंबईतच आहे. १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला. शिकवायला क्लेअर वीक्स आला, तोही डिस्नेच्याच स्टुडिओतला. आणि १९५७ साली या विभागाने 'द बॅनियन डीअर' केला, जातकातल्या निग्रोधमृगाची गोष्ट. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा वर्षही उलटलं असेल-नसेल. तो सिनेमा आम्हाला मिळाला नाही, म्हणून पुढच्या रविवारी मी पोरांना गोष्टच सांगितली.

हरणांचे दोन कळप. राजाच्या मुदपाकखान्यासाठी रोज पाळीने एका हरणाने जायचं, असा नियम. एका गाभण हरिणीची पाळी येते. ती म्हणते, पिलू होईपर्यंत थांबा. तिच्या कळपाचा नायक म्हणतो, नियम म्हणजे नियम. ती दुसऱ्या कळपाच्या नायकाकडे, निग्रोधाकडे जाते. तो तिच्या जागी स्वतःची मान ठेवतो. राजा दोघांना सोडतो, पण निग्रोध तेवढ्यावर उठत नाही. बाकीच्या हरणांचं काय? चार पायांच्या इतर जनावरांचं काय? पाखरांचं, माशांचं काय? सगळ्यांना अभय मिळेपर्यंत तो विचारत राहतो.

बालूचा कायदा कोण बाहेर ते सांगतो. निग्रोध कायदाच बदलायला लावतो. हा फरक पोरांना लगेच कळला. जातक सांगताना आपल्याला जपून राहावं लागतं. बुद्धाचा मागचा जन्म वगैरे बाबासाहेबांच्या धम्मात बसत नाही, ते मी गाळलं. आणि एका पोरीने अडवलंच: "राजा नाय म्हणाला असता तर?" खरं आहे. शेवटी सगळं राजाच्या मर्जीवर. म्हणूनच आपल्याला संविधान लागलं, असं मी म्हणालो. म्हणजे रूपांतर मीही केलं. काय गाळलं आणि का, ते पोरांना सांगून केलं, एवढाच फरक.

आता त्या पहिल्या उत्तराकडे येतो. पोरांना माकड व्हायचं होतं याचा मला राग आला होता. आता येत नाही. त्या अख्ख्या सिनेमात विस्तव मागणारी तेवढीच आहेत. पोरांनी आपली माणसं बरोबर ओळखली.

पनवेलात जुनी माणसं सोनबा येलवेंची गोष्ट सांगतात. बाबासाहेबांना इथं पाणी नाकारलं गेलं, तेव्हापासून ते पुन्हा या वाटेने येतील म्हणून सोनबा पाण्याचं मडकं भरून रस्त्यावर थांबायचे. ही गोष्ट चित्रांत यायला हवी. स्टुडिओ नसला तरी चालेल. आमच्या विहारातल्या पोरांनी वहीच्या कोपऱ्यांवर काढायला घेतलीय, पानं भरभर उलटली की मडकं हलतं. तुमच्या वस्तीत कुणाचा हात चांगला असेल तर कळवा.

जयभीम.