फॉइन्स आणि जुहू: विमानांचा वारसा नेमका कुणाचा?

वारसा जतन करायचा म्हणजे नेमकं काय जतन करायचं, हा आजचा प्रश्न. तो नुसता हवेत ठेवण्यापेक्षा एका संग्रहालयाला विचारून पाहू.

आयर्लंडच्या पश्चिमेला, लिमरिक परगण्यात, शॅनन नदीच्या खाडीकाठी फॉइन्स नावाचं छोटं बंदर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे काही वर्षं युरोप-अमेरिका विमान वाहतूक या गावातून चाले. हेच गाव का? त्या काळी अवजड विमानांना पेलतील अशा लांब धावपट्ट्या फारशा नव्हत्या. म्हणून फ्लाइंग बोटी, म्हणजे बोटीसारख्या पोटाची, पाण्यावरच उतरणारी विमानं वापरत. अटलांटिक ओलांडायचा तर इंधन जेमतेम पुरायचं. तेव्हा जागा हवी होती युरोपच्या पश्चिम टोकाला, पण लाटांपासून आडोसा असलेली. फॉइन्ससमोर बेट आहे, त्यामागे शांत पाणी आहे. ५ जुलै १९३७ रोजी इम्पीरियल एअरवेजचं ‘कॅलेडोनिया’ इथून निघालं आणि सुमारे १५ तासांनी न्यूफाउंडलंडमधल्या बॉटवूडला पोचलं. पॅन अमेरिकनचं विमान त्याच सुमारास उलट दिशेनं आलं. या झाल्या चाचण्या. जुलै १९३९ मध्ये ‘यांकी क्लिपर’ प्रवासी घेऊन उतरलं. १९४५ मध्ये सगळं संपलं, कारण खाडीच्या पलीकडे रिनॅना इथे, म्हणजे आजच्या शॅनन विमानतळावर, जमिनीवरची धावपट्टी तयार झाली होती. गावाला मोठं करणारी अडचण दूर झाली आणि गाव मागे पडलं.

१९८९ मध्ये जुन्या टर्मिनलच्याच इमारतीत संग्रहालय उघडलं. तिथलं मुख्य आकर्षण म्हणजे बोइंग ३१४ ची पूर्ण आकाराची प्रतिकृती. मूळ विमानं १२ बांधली गेली, त्यातलं एकही आज उरलेलं नाही. म्हणजे इमारत खरी आणि विमान नकली. काही जाणकार इथेच नाक मुरडतील. आम्हाला तो आक्षेप पटत नाही. ‘मिलिंदप्रश्ना’तला नागसेनाचा रथ आठवा. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही रथ नव्हे. तसंच फॉइन्सचं विमानतळपण त्या एका यंत्रात नव्हतंच. पाणी, आडोसा, हवामानाचा अंदाज, बिनतारी संदेश, बोटीनं प्रवाशांची ने-आण करणारी माणसं, या सगळ्यांच्या जुळणीत ते होतं. प्रतिकृती स्वतःला प्रतिकृती म्हणवते तोवर ती प्रामाणिकच आहे.

आमचा आक्षेप वेगळा आहे. प्रतिकृतीत शिरलेला माणूस आपोआप प्रवासी होतो. झोपायचे बर्थ, जेवणाची टेबलं बघतो आणि त्या काळच्या श्रीमंतीवर खूश होऊन बाहेर येतो. पण फॉइन्सचे लोक त्या विमानातून हिंडत नव्हते, ते काठावर राबत होते. त्यांची बाजू कळते ती संग्रहालयाच्या रेडिओ आणि हवामानाच्या खोलीत. मोर्सची उपकरणं, जुने ट्रान्समीटर. दिसायला रुक्ष, पण तिथे उभं राहणारा प्रवासी राहत नाही, थोडा वेळ का होईना कामगार होतो. संग्रहालयाचं खरं काळीज ती खोली आहे, असं आम्ही म्हणू.

आणि आयरिश कॉफी? १९४३ च्या हिवाळ्यात एक विमान वाईट हवेमुळे परत फिरलं. गारठलेल्या प्रवाशांना जो शेरिडन या स्वयंपाक्यानं कॉफीत व्हिस्की घालून दिली, अशी गोष्ट सांगतात. जगाला फॉइन्स माहीत असेल तर या पेल्यामुळे. गोष्ट छानच आहे. पण तिचा जीव आहे ‘विमान परत फिरलं’ या तीन शब्दांत. पेला हातात आला की आपण नेमके तेच विसरतो. चविष्ट किस्सा असा इतिहास गिळून टाकतो, आणि संग्रहालयांनी जपायला हवं ते यापासून.

आता आपल्याकडे येऊ. जुहू. इथे १९२८ पासून विमानतळ आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन इथेच उतरले. नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते पुढे बेल्लारी आणि मद्रासला नेलं. पावसाळ्यात जुहूची सखल जमीन पाण्याखाली जाई, मग मुक्काम पुण्याला हलायचा. १९८२ मध्ये पन्नास वर्षं झाली तेव्हा ७८ वर्षांच्या जेआरडींनी तोच कराची-मुंबई प्रवास पुन्हा विमान चालवून केला. थोर प्रसंग, यात वाद नाही. पण आठवण वैमानिकाची झाली. जुहू मात्र प्रवासाचं शेवटचं ठिकाण एवढंच राहिलं.

गंमत बघा. फॉइन्समध्ये विमानं गेली आणि आठवण राहिली. जुहूत धावपट्टी आहे, तिथून हेलिकॉप्टरं रोज उडतात, पण नाव काढलं की आपल्याला भेळ, चौपाटी आणि नटांचे बंगले आठवतात. त्या दलदलीच्या काठी राहणाऱ्या कोळ्यांना, शेतकऱ्यांना हे पहिलं विमान कसं दिसलं? पाणी भरलं की विमानतळावर कुणाचे हात लागत? फॉइन्सचं संग्रहालय ४४ वर्षांनी उघडलं, तेव्हा तिथे काम केलेली माणसं सांगायला होती. आपल्याला नव्वद वर्षं उलटून गेली आहेत. १९३२ सालची पोरं आता भेटणं कठीण. पण त्यांनी आपल्या मुलांना काय सांगितलं, ते ऐकलेली माणसं अजून आहेत, आणि तीही आता म्हातारी झाली आहेत.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. वारशाचं काम इमारत किंवा विमान शोधण्यापासून सुरू करू नका. आधी विचारा: हे इथेच का घडलं, आणि काठावर कोण उभं होतं? पहिल्याचं उत्तर नकाशात सापडतं, दुसऱ्याचं घरोघरी जाऊन विचारावं लागतं. ऐकणाऱ्यांपैकी कुणी जुहू-विलेपार्ल्याचे असाल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोला आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. संग्रहालय होईल तेव्हा होईल. आता तुमचे प्रश्न घेऊ.