कुलूप-किल्लीच्या उपमेची मर्यादा

एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये योजलेली कुलूप-किल्लीची उपमा विकराची निवडशक्ती उत्तम सांगते. त्याची परिस्थितिसापेक्षता मात्र सांगत नाही. कॉशलंड यांनी १९५८ मध्ये विकराची लवचीकता मांडली, तरी तापमान व आम्लता उपमेबाहेरच राहिली. अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरा खोऱ्यात १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखानदारी रुजली. तेथील तोडून ठेवलेल्या उसाचे उदाहरण घ्यावे. इन्व्हर्टेज तेच, सुक्रोजही तेच. परंतु ऊन चढले की विघटन वाढते, उतारा घटतो. कारखान्यात रस उकळताच तेच विकर निष्प्रभ होते. उसाचा दर उताऱ्याशी निगडित असल्याने उपमेतील ही उणीव केवळ अलंकाराची ठरत नाही. अध्यापनात किल्लीच्या जोडीस ऋतुमानाचाही विचार व्हावयास हवा.