सिंधूची जबानी

राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' (१९१९) या नाटकातील सुधाकर वकील आहे. म्हणून की काय, त्याच्या अधःपातापेक्षा सिंधूची अखेरची जबानीच आम्हांस अधिक बोचते. दारूच्या धुंदीत पतीने केलेला प्रहार ती मरता मरताही फौजदारापासून लपविते. प्रेक्षक हुंदके देतात. आम्हीही दिले आहेत. परंतु पातिव्रत्य म्हणून गौरविलेली ही झाकपाक व्यसनाचेच पोषण करीत आली, हे नाटककाराच्या ध्यानी आलेले दिसत नाही. रामलालापाशी उपदेश आहे, उपचार नाही. मद्यपानातून उद्भवणाऱ्या मनोविकारांना कायद्याने आजार म्हटले ते २०१७ साली. पुण्यात १९८६ साली निघालेल्या मुक्तांगणात व्यसनींच्या पत्नीही बोलत्या झाल्या. नाटकात रोखठोक बोलते ती तळीरामाची बायको गीता. आणि तिच्या बोलण्याला आपण हसतो.