घडलेला चेहरा आणि अनुमानाचा चेहरा

आजचा विषय वरवर पाहता तत्त्वज्ञानाचा वाटणार नाही. नोकरीच्या अर्जाला किंवा लिंक्डइनवर लावायचा फोटो, ज्याला हल्ली हेडशॉट म्हणतात, तो आपला विषय. पूर्वी त्यासाठी स्टुडिओत जावं लागे. आता मोबाइलमधले दहा-वीस सेल्फी एखाद्या एआय सेवेला दिले, की कोट घातलेले, मंद हसणारे, मागे काचेचं ऑफिस असलेले तुमचे डझनावारी फोटो तयार होऊन येतात. माझा प्रश्न साधा आहे. हे फोटो आहेत का?

कुणी म्हणेल, सर, शब्दाचा कीस कशाला काढता? माझ्यासारखं दिसतं ना, मग झालं. पण इथे आपल्या न्यायदर्शनातला एक भेद कामाला येतो. इंद्रियाचा वस्तूशी संनिकर्ष, म्हणजे संपर्क होऊन जे ज्ञान होतं ते प्रत्यक्ष. धूर पाहून अग्नी आहे असं जाणणं हे अनुमान. कॅमेऱ्याच्या फोटोत तुमच्या चेहऱ्यावरून निघालेला प्रकाश भिंगातून आत गेलेला असतो. संपर्क झालेला असतो. एआयच्या हेडशॉटची सुरुवात मात्र ठिपक्यांच्या गोंधळापासून होते. तो गोंधळ यंत्र टप्प्याटप्प्याने निवळत नेतं आणि चेहरा उभा करतं. कशाच्या आधारावर? तुमच्या सेल्फींवरून, आणि त्याआधी पचवलेल्या असंख्य परक्यांच्या चित्रांवरून. म्हणजे हे तुमच्याविषयीचं अनुमान आहे.

आता, अनुमान हेही प्रमाणच आहे, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण अनुमान टिकतं ते व्याप्तीवर. जिथे धूर तिथे अग्नी, हा संबंध कुठेही तुटता कामा नये. तुटला तर तो हेतू सव्यभिचार ठरतो. इथली व्याप्ती कोणती? ‘व्यावसायिक माणूस असा असा दिसतो.’ २०२३ साली अमेरिकेतल्या आशियाई वंशाच्या एका तरुणीने आपला फोटो लिंक्डइनसाठी व्यावसायिक करून दे असं एका एआय साधनाला सांगितलं. यंत्राने तिची कातडी उजळ केली, डोळे निळे केले. बातम्या झाल्या, लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ती कशी आहे याबरोबरच ती कशी असायला हवी, हेही यंत्राने ठरवून टाकलं होतं. सावळा रंग, पुढे आलेला दात, कोड, गालावरचा व्रण यांना त्या व्याप्तीत जागा नसेल, तर ती माणसं आपल्याच फोटोतून बाहेर पडतील.

याउलट पोर्ट्रेटमध्ये काय घडतं ते बघा. ३० डिसेंबर १९४१, ओटावा. कॅनडाच्या संसदेत भाषण करून आलेल्या चर्चिलसमोर युसुफ कार्श कॅमेरा लावून उभा होता. चर्चिल तोंडातला सिगार काढेना. कार्शने पुढे होऊन तो सरळ काढून घेतला आणि त्या क्षणी फोटो टिपला. तोच तो प्रसिद्ध कपाळाला आठ्या घातलेला चेहरा, जो २०१६ साली ब्रिटनच्या पाच पौंडांच्या नोटेवर आला. गंमत अशी, की जगाने त्यात हिटलरविरुद्धचा निर्धार वाचला. प्रत्यक्षात तो सिगार गेल्याचा राग होता. म्हणजे अर्थ लावताना फोटोही फसवतो. पण तो राग घडला होता. दोन माणसांमध्ये, एका खोलीत, एका क्षणी. चर्चिलच्या हजार फोटोंची सरासरी काढून तो हाती लागला नसता.

आक्षेप येईल, स्टुडिओवाले काय कमी रंगसफेदी करत होते? खरं आहे. काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिल चालवून सुरकुत्या घालवणारे कारागीर होतेच. पण त्यांच्या हाताखाली घडलेला एक क्षण होता. त्यावर हात फिरवणं वेगळं आणि क्षणच नसणं वेगळं.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो, तो पैशाचा. नोकरी शोधणाऱ्या मुलाने स्टुडिओचा खर्च कुठून करायचा? या मुलाला मी खोटारडा म्हणणार नाही. ज्या व्यवस्थेत चेहऱ्याला कोट चढवल्याशिवाय अर्ज उघडला जात नाही, दोष तिचा आधी आहे. पण त्याला एवढं सांगेन, की निवड महागडा फोटोग्राफर की स्वस्त यंत्र अशी नाहीच. सकाळी खिडकीपाशी उभा राहा, मित्राच्या हातात फोन दे. तो म्हणेल, ‘अरे, खांदे सैल सोड की.’ तू हसशील. तेवढ्यात फोटो निघेल.

अनुमानाने केलेलं चित्र वापरायचं तर जरूर वापरा, फक्त ते चित्र आहे असं म्हणा. अनोळखी माणसापुढे फोटो ठेवणं म्हणजे ‘हा मी’ अशी साक्ष देणं. आणि साक्षीदाराला आपण पहिला प्रश्न हाच विचारतो, की तू तिथे होतास का?

आता तुमचे प्रश्न घेऊ.