‘शाळा’ : निवेदनाची भाषा व कुमारवयातील आत्मभान

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीत आणीबाणीच्या काळात नववीत शिकणारा मुकुंद जोशी आपली कथा स्वतःच सांगतो. हे निवेदन पाठ्यपुस्तकी मराठीत नसून मित्रांच्या बोलीत आहे. ‘मी कोण?’ या प्रश्नाची उकल तो याच बोलीत करू पाहतो. वर्गात मात्र तिला स्थान नाही. नरूमामाशी तो मोकळेपणी बोलतो, कारण तेथे कोणी त्याची भाषा तपासावयास बसलेले नसते. तथापि हेच निवेदन शिरोडकरला स्वतःची वाणी देत नाही. वर्गाने मुकुंदाच्या बाबतीत जे केले, तेच मुकुंद तिच्या बाबतीत करतो. ही या कृतीची मर्यादा होय. निबंध तपासताना अशुद्धाबरोबर लिहिणाऱ्याचा ‘मी’ही आपण खोडीत नाही ना, हे शिक्षकाने पाहावयास हवे.