ख्रिस्तपुराणातला एक प्रश्न

ख्रिस्तपुराण म्हटले की मराठीची रत्नांशी तुलना करणाऱ्या ओव्या तेवढ्या सांगितल्या जातात. मेहकरच्या शिक्षकमित्रांसोबत ते वाचताना आम्ही अडलो ते सुरुवातीच्या संवादापाशी. नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो, आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे का देत नाही?

प्रश्न रोकडा आहे. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते. साष्टीतली अनेक देवळे १५६७ मध्ये पाडली गेली. लेखक थॉमस स्टीफन्स इंग्रज. त्याच्या मायदेशी कॅथलिक मिस्साच बेकायदा होती. (याच फुटीपायी पोपने १५८२ मध्ये सुधारलेले कॅलेंडर इंग्लंडने १७५२ पर्यंत स्वीकारले नाही!) रोमला जाऊन तो जेझुइट झाला आणि १५७९ मध्ये गोव्यात आला. तिथे ज्याच्या पंथावर बंदी, तोच इथे बंदी घालणाऱ्यांच्या बाजूला. हा ताण आम्हाला ओव्यांत कुठे दिसला नाही. भाषा रसाळ खरी, पण ही उणीव लहान नाही.

ब्राह्मणाला पुराण मिळाले, १६१६ मध्ये, रोमन लिपीत छापलेले. पुढे १६८४ च्या पोर्तुगीज फर्मानाने लोकांना तीन वर्षांत आपली बोलीच सोडायला सांगितले.